पारा चढणार आणि तुरळक सरीही येणार: गहू आताच कापावा का?

प्रश्न (यावल तालुका)

नमस्कार. माझा तीन एकर गहू पूर्ण पिवळा झाला आहे आणि शेजारच्या तुकड्यातील मृगबागेची (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली) केळी निसवते आहे, म्हणजे घड बाहेर पडत आहेत. या आठवड्याच्या अंदाजात कमाल तापमान २ ते ३ अंशांनी वाढेल आणि तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलक्या सरी पडतील, असे म्हटले आहे. ऊन वाढणार आणि पाऊसही येणार, हे एकाच वेळी कसे घडते? हार्वेस्टरचा नंबर चार दिवसांनी आहे, मजूर मात्र उद्या मिळू शकतात. मागील वर्षी कापून ठेवलेला गहू एका रात्रीच्या पावसात भिजला, दाण्याची चमक गेली आणि भाव पडला. त्यामुळे निर्णय घेणे कठीण झाले आहे.

उत्तर १ (जळगाव)

भाऊ, आधी 'तुरळक' या शब्दाचा अर्थ पाहू, कारण बहुतेकांची गफलत तिथेच होते. हा शब्द पाऊस किती पडेल हे सांगत नाही, तो किती जागी पडेल हे सांगतो. भारतीय हवामान विभागाच्या परिभाषेत विभागातील एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल, तर 'तुरळक ठिकाणी' म्हणतात. त्याहून जास्त, पण निम्म्यापर्यंत केंद्रांवर असेल, तर 'काही ठिकाणी'. म्हणजे फैजपूरला सर येईल आणि तुमचे शिवार कोरडे राहील, किंवा याच्या नेमके उलट होईल, आणि दोन्ही वेळा अंदाज बरोबरच ठरेल.

ऊन आणि पाऊस यांत विरोध नाही. सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगररांगांमधले आपले तापीचे खोरे मार्चमध्ये झपाट्याने तापते, कारण आकाश निरभ्र असते, हवा कोरडी असते आणि काळी जमीन उघडी पडलेली असते. अशा वेळी समुद्रावरून बाष्प घेऊन येणारे वारे मध्य महाराष्ट्रावर पोहोचले, की तापलेली हवा ते बाष्प वर उचलते आणि दुपारनंतर गडगडाटी ढग तयार होतात. म्हणून या दिवसांतल्या सरी बहुधा दुपार ते रात्रीच्या पहिल्या प्रहरात येतात, थोडाच वेळ टिकतात, पण सोबत वादळी वारा आणतात आणि कधी गारपीटही करतात. 'हलक्या सरी' वाचून वाऱ्याकडे दुर्लक्ष करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

तापमानवाढीचा अंदाज विस्तृत प्रदेशासाठी असतो, म्हणून तो धरून चालावा. कोणत्या गावावर ढग फुटेल, हे मात्र चार दिवस आधी कोणीही सांगू शकत नाही. जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. तो 'मेघदूत' ॲपवर पाहावा, आणि विजांच्या सूचनेसाठी 'दामिनी' ॲप मोबाईलमध्ये ठेवावे. ढग दिसू लागल्यावर झाडाखाली कोणीही थांबू नये.

उत्तर २ (पारोळा)

माझ्या अनुभवाने उभा पक्का गहू एखादी हलकी सर सोसतो, कारण वाऱ्याने तो लवकर वाळतो. कापून जमिनीवर पडलेला गहू सोसत नाही. मजुरांकडून कापणी करायचीच असेल, तर ज्या दिवशी कापणी त्याच दिवशी मळणी होईल इतकाच तुकडा घ्यावा, आणि ताडपत्री आधी शेतात नेऊन ठेवावी. संध्याकाळी आभाळ पाहून ताडपत्री शोधायला निघालो, तर उशीर होतो. जोराच्या वाऱ्याने उभे पीक लोळण्याचा धोका राहतोच. तरीही दोन्हींत मी उभ्या पिकाचा धोका पत्करेन. आमच्याकडे कापलेल्या दादरची (रब्बी ज्वारीची) कणसे खळ्यावर पडून आहेत, म्हणून ही काळजी मलाही आहे.

उत्तर ३ (रावेर)

गव्हाच्या चिंतेत केळीकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका. मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर होण्यासाठी कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक असावे लागते, पण लाट जाहीर होईपर्यंत बाग थांबत नाही. ठिबकचे पाणी एकदम न देता पहाटे आणि संध्याकाळी विभागून द्यावे, बुंध्याशी वाळलेल्या पानांचे आच्छादन करावे, घडाच्या दांड्यावर वाळलेले पान बांधून ऊन अडवावे. निसवलेल्या झाडांना बांबूचा किंवा पट्टीचा आधार आजच द्यावा, कारण वादळात घडाच्या वजनाने झाड मोडते आणि वर्षभराची मेहनत एका क्षणात जाते. पश्चिमेच्या बांधावर वारा अडवणारी शेवरीची झाडे लावलेली नसतील, तर तात्पुरती हिरवी जाळी बांधावी.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. हार्वेस्टरवाल्यांशी बोललो, परवा सकाळी अकराच्या आत गहू काढून द्यायला ते तयार झाले आहेत. मजूर मी उद्या केळीला आधार देण्यासाठी लावतो आहे.