समुद्रावर गस्त घालणारं दल एकच असावं का?

पंचवटीकर (धागाकर्ता):
माझा भाचा आपल्या त्र्यंबक रोडच्या पोलीस अकादमीतून फौजदार होऊन निघाला आणि पहिली नेमणूक कोकणातल्या एका सागरी पोलीस ठाण्यात. निफाडचा पोरगा, द्राक्षबागेत वाढलेला. पहिल्या गस्तीला उलट्यांनी बेजार झाला. भरती-ओहोटी कळायला लागली तोवर बदली. आता जळगावकडे चोऱ्यांचा तपास करतो.

किनाऱ्यापासून बारा सागरी मैल सागरी पोलीस, पुढे तटरक्षक दल, सगळ्यांवर नौदल. तस्करीला कस्टम्स, मासेमारीला मत्स्यव्यवसाय विभाग, बंदरात सीआयएसएफ (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल). १९९३ मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स उतरलं. २००८ मध्ये ‘कुबेर’ ही मासेमारी बोट ताब्यात घेऊन २६/११ चे दहा अतिरेकी मुंबईत कफ परेडच्या मच्छीमार वस्तीपर्यंत आले. २००९ मध्ये एकूण जबाबदारी नौदलाकडे दिली, तरी ३१ जुलै २०११ ला ओमानजवळ सोडून दिलेलं ‘पवित’ हे जहाज कोणाच्या लक्षात न येता वाहत येऊन जुहूच्या वाळूत रुतलं! गस्तीच्या बोटी, माणसं, पैसा सगळं तटरक्षक दलाकडे द्या. अमेरिकेचं कोस्ट गार्डसुद्धा १९१५ मध्ये दोन जुन्या सेवा एकत्र करूनच झालं.

देवळालीकर:
साहेब, दुखणं खरं आहे, औषध पटत नाही. पोलीस हा विषय राज्यघटनेने राज्यांना दिलाय, किनाऱ्यालगतची मासेमारीही. तटरक्षक दल केंद्राच्या संरक्षण मंत्रालयाखाली. त्यांनी संशयित बोट पकडली तरी पुढच्या तपासासाठी ती किनाऱ्यावर पोलिसांच्याच ताब्यात देतात. पंचनामा, साक्षीदार, कोर्टाच्या तारखा हे सगळं ठाण्यातच होतं. बोटी काढून घेतल्यात तर तपास करणाऱ्याला घटनास्थळी जायला दुसऱ्याची परवानगी लागेल.

आणि चीनने काय केलं ते पाहा. २०१३ मध्ये चार यंत्रणा एकत्र केल्या, २०१८ मध्ये ते दल सशस्त्र पोलिसांत, म्हणजे लष्करी आयोगाच्या हाताखाली गेलं. आज तीच जहाजं फिलिपिन्सच्या बोटींवर पाण्याचे फवारे मारतात. मच्छीमाराशी रोज गाठ पडणारं खातं लष्करी वळणाचं असावं, हे मला अजिबात मान्य नाही.

डहाणूची लेक, सध्या सिडको:
माझे वडील तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख होते, म्हणून लिहिते. एकाच फेरीत दोन वेगवेगळ्या खात्यांनी बोट थांबवून तेच कागद तपासलेले मी पाहिलेत. बर्फ वितळत असतो, भाव पडत असतो, खलाशी चिडलेले. तपासणीची नोंद एकदाच व्हावी आणि ती सगळ्यांना दिसावी, एवढं तरी करा.

पण पंचवटीकर दादा, तटरक्षक दलाचं मोठं जहाज खाडीत शिरत नाही. खडक कुठे, गाळ कुठे, अनोळखी बोट कोणती, हे गावाला कळतं. आमच्या पोरांना भरती करा ना. त्यांना उलट्या होत नाहीत.

पंचवटीकर:
ताई, खाडीचा मुद्दा मान्य. लहान बोटी आणि स्थानिक भरती हवीच, ती तटरक्षक दलातच करा. देवळालीकर, अडचण तपासाच्या अधिकाराची असेल तर कायदा बदलून ते अधिकार द्या. नुसत्या समन्वयाने भागत असतं तर २०२२ मध्ये राष्ट्रीय सागरी सुरक्षा समन्वयक नेमायची वेळ आली नसती. अर्धवट काम मात्र नको. इंडोनेशियाने २०१४ मध्ये ‘बाकामला’ ही सागरी सुरक्षा यंत्रणा उभी केली आणि जुन्या यंत्रणा तशाच ठेवल्या. गस्त घालणाऱ्यांत आणखी एकाची भर पडली.

देवळालीकर:
मग त्याआधी सोपं आहे ते करा. सागरी पोलिसांचा वेगळा केडर (फक्त याच कामासाठीचा कर्मचारी-वर्ग), दहा वर्षं बदली नाही, आणि बोटींच्या डिझेल-दुरुस्तीचा पैसा वेळेवर. तुमच्या भाच्यासारखा माणूस तयार होतो तेव्हाच आपण त्याला उचलून डोंगराकडे पाठवतो.

पंचवटीकर:
काल रात्री त्यालाच फोन केला. म्हणाला, "मामा, तेव्हा ठेवलं असतं तर राहिलो असतो." केडरचं तुमचं म्हणणं मी मानतो. पण मध्यरात्री अनोळखी बोट दिसली की पहिला फोन कोणाला करायचा, हे त्यालाही तिथे असताना दर वेळी विचारावं लागायचं. त्यामुळे एक दल, एक हुकूम, यावर मी ठाम आहे.