नवजात लेकराला रात्री झोळीत निजवू नये, असं माझं ठाम मत झालंय

जिंतूरची लेक

माझं बाळ आज २६ दिवसांचं आहे. बाळंतपणाला माहेरी आलेय, जिंतूर तालुक्यात. नवऱ्यानं पुण्याहून बॅसिनेट आणलं. जाळीच्या भिंती, खाली सपाट, घट्ट गादी. त्यात ठेवलं की पाच मिनिटांत रडायला सुरुवात. शेवटी आजीनं माळवदाच्या तुळईला दोर टाकला, आपलं जुनं मऊ लुगडं दुपदरी करून झोळी बांधली. त्यात लेकरू तीन-तीन तास झोपायला लागलं. पहिले दोन दिवस मला देव पावल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास पाजायला उठले तर झोळीतून घुरघुर ऐकू आली. मोबाईलच्या उजेडात पाहिलं. बाळ पाठीवरच होतं, पण बूड खोल गेलेलं, मान पुढं मुडपलेली, हनुवटी छातीला टेकलेली. उचलून खांद्यावर घेतलं तशी घुरघुर थांबली. उजाडेपर्यंत मी त्याला मांडीवर घेऊन बसले होते.

दुसऱ्या दिवसापासून रात्रीची झोळी बंद केली आणि घरात अबोला धरला गेला. आजी म्हणते, याच तुळईला तुझी माय झोपली, तू झोपलीस, तुमचं काय वाईट झालं? मला आजीच्या मायेला नावं ठेवायची नाहीत. पण ज्या लेकराला स्वतःची मान उचलता येत नाही, त्याला घरदार झोपलेलं असताना झोळीत ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं. दिवसा कुणी समोर बसून पाहत असेल तर ते वेगळं. विरोधी मत असेल तरी मोकळेपणानं सांगा.

वसमतकर

ताई, माझा पूर्ण विरोध आहे आणि तो रागानं नाही. आमच्या घरात माझे वडील, आम्ही चार भावंडं आणि माझी दोन लेकरं, सगळी झोळीत वाढली. झोळी ही काही हौस नाही, आपल्याकडच्या घराची ती गरज आहे. जुन्या भिंतीतून विंचू निघतो. दुधाच्या वासाला मुंग्या येतात, रात्रीतून लेकराचा कान लाल करून टाकतात. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर, त्यात लाईट गेलेली. फोमच्या गादीवर पाठ घामानं भिजते, पुरळ उठतं. झोळीला खालून वारा लागतो. हे बॅसिनेट बनवणाऱ्याला कुठून कळणार?

आणि तुम्हीच लिहिलंय की बाळ पाठीवर होतं. डॉक्टरही पाठीवरच निजवा म्हणतात. मग अडचण काय आहे? घुरघुर तर नवजात लेकरं नाकातल्या शेंबडानंही करतात.

हळद काढणीच्या दिवसांत माझी बायको पहाटे पाचला उठायची. लेकरू झोपलं तरच तिला झोप. आईची झोप तुम्ही हिशोबात धरलीच नाही.

सिस्टर, नांदेड

नवजात बालकांच्या कक्षात मी ११ वर्षं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वसमतकर दादा, शेंबडानं घुरघुर होते हे खरं. पण तशी घुरघुर बाळ नुसतं उचलल्यानं लगेच थांबेलच असं नाही. पाठीवर असणं पुरेसं नाही, पाठ सरळही हवी. नवजात बाळाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं आणि जड असतं, त्याचा मागचा भाग फुगीर असतो आणि मानेच्या स्नायूंत जोर नसतो. त्याची श्वासनलिका अरुंद आणि मऊ असते. खोलगट जागेत बूड खाली गेलं की डोकं पुढं झुकतं, हनुवटी छातीला टेकते आणि नळी दबते. मोठं माणूस झोपेतच मान झटकून नीट करतं. तेवढ्याशा जिवाला ते जमत नाही. आणि असं बाळ रडत नाही, हीच भीतीची गोष्ट आहे. बाहेरून बघणाऱ्याला ते शांत झोपलेलं दिसतं.

दुसरा धोका कडेचा. बाळ एका अंगाला घरंगळलं की नाकतोंड कापडाला चिकटतं. २००९ च्या डिसेंबरात अमेरिकेत स्टँडला टांगायच्या बाळझोळ्या, सुमारे २४ हजार, परत मागवल्या गेल्या. दोन बाळं त्यांत गुदमरून दगावली होती. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं की झोपायची जागा सपाट आणि घट्ट हवी, उतार १० अंशांपेक्षा जास्त नको. बाळांना पाठीवर निजवा ही मोहीम तिथं १९९४ मध्ये सुरू झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं.

अडीच किलोच्या आत वजन असेल किंवा बाळ दिवस भरायच्या आधी झालं असेल, तर माझी हात जोडून विनंती आहे, रात्री झोळी नकोच.

वसमतकर

सिस्टर, तुमच्या कामाचा आदर आहे. पण एक सांगा. देशात १९७१ ला हजारात १२९ लेकरं वर्षाच्या आत जात होती, २०२० ला २८. या पन्नास वर्षांत झोळ्या तर घरोघर तशाच आहेत. मग दोष झोळीचा कसा?

सिस्टर, नांदेड

तो आकडा दवाखान्यातल्या बाळंतपणांनी, लसींनी, जुलाबाच्या साखरमिठाच्या पाण्यानं खाली आला. झोळीनं तो वाढवला असं मी म्हणाले नाही, आणि त्या आकड्यानं झोळी सुटतही नाही. जुन्या काळी रात्रीतून गेलेल्या लेकराचं कारण कुणी लिहून ठेवलं? नजर लागली म्हणायचे, सटवाईनं तेवढंच लिहिलं म्हणायचे. आपल्या प्रत्येकाच्या घरात असं एक लेकरू असतं, ज्याचं नाव आजी फार घेत नाही.

किल्लारीजवळचा

मी दोघांच्या मधला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात आमचं दगडमातीचं माळवद गेलं. नव्या गावठाणात घर मिळालं त्याला तुळईच नाही. त्यामुळं झोळी टांगायची कुठं हा प्रश्न आमच्याकडं खराच आला आणि पुढं स्प्रिंगवाले लोखंडी स्टँड बाजारात आले. माझ्या पोरीसाठी मीही एक घेतला. पाच महिन्यांची असताना तिनं पाय झाडले, स्प्रिंगचा आकडा निसटला आणि ती फरशीवर पडली. कपाळाला तीन टाके. तो आकडा मी त्या दिवसापर्यंत एकदाही हात लावून पाहिला नव्हता, हे अजून खातं.

तुळईला बांधलेला सुती दोर आणि हे स्टँड यांना एकाच नावानं हाक मारू नका. आणि लेकरू मोठं झाल्यावर झोळी खाली लोंबकळत ठेवू नका. थोरली पोरं त्यात बसून गिरक्या घेतात, कापडाला पीळ पडतो आणि गळ्याला फास बसतो. असा जीव गेल्याच्या बातम्या पेपरात येतात.

आजीची नात, उदगीर

माझी आजी ८० च्या पुढं आहे. हा सगळा वाद तिला वाचून दाखवला. ती म्हणते, “सव्वा महिना लेकरू झोळीत टाकायचंच नसतं माय. आमच्या घरात बाळंतिणीच्या कुशीला, खाली गोधडीवर. बाराव्या दिवशी पाळण्यात घातलं ते नाव ठेवायला, गोविंद घ्या गोपाळ घ्या म्हणायला, झालं की परत आईजवळ. झोळी बांधायची मान धरल्यावर. तीही दिवसा, मी भाकरी थापीत असताना, माझ्या पायाला झोळीची दोरी बांधून.”

तिच्या सासूबाई झोळीच्या डोक्याकडं आणि पायाकडं एकेक काठी आडवी घालायच्या, म्हणजे लुगडं तोंडावर मिटत नाही. मला हे माहीतच नव्हतं. झोळी आपण ठेवली, आणि झोळी कधी नाही हे सांगणारं माणूस घरातून गेलं, असं झालं असेल का?

सिस्टर, नांदेड

आजीला माझा नमस्कार सांगा. काठीनं कापड तोंडावर येत नाही, हे बरोबर. पण पाठीचा बाक काठीनं जात नाही. म्हणून मान धरेपर्यंत थांबायचं हा त्यांचा नियम काठीपेक्षा मोठा आहे.

केजची, ऊसतोड

आमी नवरा-बायको दसरा-दिवाळीला टोळीसंगं जातो, मार्चपस्तोर तिकडंच. (लेकीनं टाइप केलंय.) तुमी समदे घरातलं बोलताय. फडात कुठं हाय सपाट जागा? खाली पाचट, पाचटात साप. उसाचं खोडकं सुरीवानी असतं. ट्रॅक्टर मागं येतो त्याला खाली निजलेलं लेकरू दिसत न्हाई. माझं दुसरं लेकरू दीड महिन्याचं असताना मी बैलगाडीच्या जुवाला झोळी बांधली होती. आगाऊ उचल घेतलेली, कोयता थांबला तर मुकादम बोलतो. तवा झोळी नको म्हणणाऱ्यानं लेकरू कुठं ठेवायचं ते बी सांगावं. नुसतं नको म्हणून कसं चालंल?

जिंतूरची लेक

ताई, तुमचं वाचून दोनदा फोन खाली ठेवला. माझ्याकडं बॅसिनेट आहे, शेजारी आई झोपलेली आहे, आणि मी नियम सांगत बसलेय. माझं मत घरातल्या रात्रीपुरतं होतं. फडावरच्या दिवसासाठी मला ते तसंच्या तसं लावता येणार नाही, हे कबूल करते. ट्रॅक्टरखाली येण्यापेक्षा झोळी हजार पटीनं बरी.

सिस्टर, नांदेड

केजच्या ताई, प्रश्न रास्त आहे. मला सुचतं ते सांगते. भाजी मंडईत टोमॅटोचे प्लास्टिकचे क्रेट असतात. तळ सपाट, चारी बाजूंनी जाळी, वारा खेळता राहतो. आत एकच पातळ गोधडी घट्ट घडी घालून, वर उशी नाही, वाकळ नाही. क्रेट गाडीवर सावलीत ठेवायचा, गाडी हलणार नसेल तेव्हाच, बैल सोडलेले आणि गाडीला खाली टेकू दिलेला. वरून मच्छरदाणीचं कापड ताणून. हे हलकं समजू नका. फिनलंडमध्ये १९३८ पासून सरकार गरीब आयांना बाळाच्या कपड्यांची पुठ्ठ्याची पेटी देत आलं, पुढं १९४९ पासून सगळ्याच आयांना. त्या पेटीत खाली गादी असते आणि कित्येक बाळं पहिले महिने त्या पेटीतच झोपली आहेत. तेही गरीब घरांपासूनच सुरू झालं.

आणि झोळी बांधावीच लागली तर आखूड आणि रुंद बांधा, खोल पोतं होऊ देऊ नका. हनुवटी आणि छातीत दोन बोटं जातील एवढी फट, नाकतोंड उघडं. दर पेंढीला नाही तर दर मोळीला एकदा येऊन हनुवटी बघा.

जिंतूरच्या ताई, बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात. २८ व्या दिवशीची भेट परवा आहे. त्यांना आजीसमोर बाळाची मान दाखवायला सांगा. नातीपेक्षा आशाताईचं ऐकलं जातं, असा माझा अनुभव आहे.

वसमतकर

आखूड आणि रुंद बांधायचं हे पटलं. घरी सांगतो. बाकी माझं मत आहे तिथंच आहे. आमच्या वाड्यात विंचू निघतो तोवर लेकरू खाली निजणार नाही.

जिंतूरची लेक

खाली नकोच दादा, बाजेवर पाट टाकून वर गोधडी घाला, चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या. माझी मावशी मुंग्यांसाठी तसंच करते. पण बाजेवर कडेला उंच काहीतरी लागेल, आणि मध्ये झोळ नको.

आमच्याकडं काल रात्री बाळ चार वेळा उठलं. आजी उठून बसली, झोळीकडं पाहिलं, काही बोलली नाही. चौथ्या वेळी तीच त्याला थोपटत बसली आणि मला म्हणाली, तू पड.

केजची, ऊसतोड

क्रेट बघते. आठवडी बाजारात जुना मिळंल. औंदा धाकटी वहिनी बी येणार हाय, तिचं लेकरू तवा दोन महिन्याचं असंल. जमलं तर क्रेटात ठेवू, न्हाई जमलं तर झोळीच बांधू, हे आत्ताच सांगते. पर हनुवटी बघायची, हे तिला सांगून ठेवलंय.