आईने नागपूर सोडायला नाही म्हटलं, तर तो हट्ट कसा?

मोगरा_मानेवाडा
परवा इथे एका मुलाची पोस्ट वाचली. तो पुण्यात नोकरीला, वडील गेलेले, आई नागपुरात एकटी. घर विकून पुण्याला चल म्हटलं तर ती नाही म्हणते. शेवटी त्याने लिहिलं होतं की या वयात आईला स्वतःच्या सुखाचं पडलंय, आमच्या जिवाची घालमेल तिला दिसत नाही. खाली सगळ्यांनी त्यालाच धीर दिला, आईच्या बाजूने एक शब्द नाही. दोन दिवस ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

मी ६३ वर्षांची. हे जाऊन चार वर्षं झाली. त्यानंतर मुलाच्या आग्रहाखातर तीन महिने पुण्याला राहिले. मुलगा-सून दोघंही चांगले, वाकडा शब्द कुणी बोललं नाही. अकराव्या मजल्यावर मला वेगळी खोली, एसी, सगळं होतं. पण संध्याकाळी खाली चक्कर मारून परत आले की गेटवरचा पोरगा विचारायचा, "आजी, कुणाकडे जायचंय?" दर थोड्या दिवसांनी पोरगा नवा आणि प्रश्न तोच. मग वहीत फ्लॅटचा नंबर, वेळ, आणि 'कोणाला भेटायचे' या रकान्यात माझ्याच मुलाचं नाव. तीन महिने मी त्या वहीत पाहुणी म्हणून सही करत होते. सुनेने गेटवर दोनदा सांगून पाहिलं, पण पोरगा बदलला की पुन्हा वही पुढे.

परत आले आणि ६१व्या वर्षी गाडी शिकले. आता सकाळी साडेसहाला तोंडाला दुपट्टा गुंडाळून कॉटन मार्केटमधून भाजी आणते. मार्चअखेर कूलरच्या ताट्यांत नवा वाळा भरून घेते, गच्चीवर मुंगवड्या घालते. दुपारी दोनला जेवले काय आणि बाराला जेवले काय, कुणाचा खोळंबा होत नाही. चाळीस वर्षं सगळ्यांच्या वेळा सांभाळल्या, आता ही मोकळीक मला फार गोड लागते. यात मुलावरचं प्रेम कुठे कमी झालं, ते मला कुणीतरी सांगा.

वाकडवासी
काकू, ती पोस्ट माझी नाही, पण माझी असू शकली असती. बाबा नागपुरात त्रिमूर्तीनगरला एकटे राहायचे. त्यांनाही असंच मोकळं राहायचं होतं. गेल्या जूनमध्ये पहाटे पाचला बाथरूममध्ये पाय घसरला. आतून कडी. अकराला कामवाली आली, हाका मारल्या, शेजाऱ्यांनी दार तोडलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. सहा तास ते ओल्या फरशीवर पडून होते, आणि मी पुण्यात मीटिंगमध्ये बसून चहा पीत होतो. ते सहा तास माझ्या डोक्यातून जात नाहीत. तुम्ही मजेत गाडी चालवता, तेव्हा तुमचा मुलगा तुम्ही फोन उचलेपर्यंत जीव मुठीत धरून बसलेला असतो. हे तुमच्या हिशोबात कुठे येतं?

निशिगंध
सुनेच्या बाजूने कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. बाळ झाल्यावर आम्ही सासूबाईंना नागपूरहून 'करमणार नाही तुम्हाला एकटीला' म्हणून बोलावलं. पाळणाघराचे पैसे वाचणार होते, हे घरात कुणी मोठ्याने म्हटलं नाही. आठ महिने त्यांनी बाळ सांभाळलं. त्यांचं भजनी मंडळ सुटलं, गुडघे धरले. एकदा फोनवर मैत्रिणीला सांगत होत्या, "इथं सगळं चांगलं आहे गं, फक्त माझं काही नाही." मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं आणि तरीही दोन महिने त्यांना परत जाऊ दिलं नाही. मला याची लाज वाटते.

वाकडवासी
मी बाबांना पोर सांभाळायला बोलावलेलं नाही. एकाच्या घरातलं सगळ्यांच्या माथी मारू नका.

इतवारीकर
मूळ गोष्ट कोणी बोलूनच नाही राहिलं. पोट्टे पुण्याला गेलेच काऊन? १९५६ पर्यंत हे शहर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. त्याच्या आधी, २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. विदर्भ महाराष्ट्रात आला तर नोकऱ्यांत अन् शिक्षणात लोकसंख्येच्या हिशोबानं वाटा देऊ म्हणून लिहून दिलं. हाती काय आलं, तर हिवाळी अधिवेशन. १९९४ पासून विदर्भाचं विकास मंडळ होतं, त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. माझे दोन्ही पोट्टे इंजिनिअर, एक हिंजवडीत, एक बंगलोरला. आमच्या गल्लीत गणपतीच्या आरतीले साठीच्या खालचा माणूस उभा नाही राहत. आई एकटी काऊन राहते ते मंग विचारा, आधी हे विचारा.

वर्धारोड
काका, प्रत्येक धाग्यावर करार आणायलाच हवा का? मी मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या वसाहतीत काम करतो. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल, तिघंही इथे आहेत. यायचं असेल त्याला येता येतं. मी २०२१ ला पगार कमी घेऊन परत आलो.

इतवारीकर
पगार कमी घेऊन आलो, हे तूच म्हणून राहिला बे. कमी काऊन घ्यावा लागला? मिहानसाठी शिवणगाव-खापरीच्या लोकायच्या जमिनी गेल्या त्या तुमच्या कमी पगारासाठी गेल्या का?

वर्धारोड
'बे' माझ्या घरच्यांसाठी राखून ठेवलंय, तुम्ही नका म्हणू. जमिनींचं तुमचं खरं आहे, तिथे मी वाद घालणार नाही. पण कमी पगारात मी संध्याकाळी सहाला घरी असतो आणि पोरीला फुटाळा तलावावर नेतो. हे मी ठरवून घेतलंय, माझ्यावर कुणी लादलेलं नाही. माझ्या सुखाला तुम्ही अन्याय म्हणू नका.

आझादहिंद
परत यायचं सोडा, सणाला तरी येता आलं पाहिजे. ऑगस्ट २०२५ ला अजनी-पुणे वंदे भारत सुरू झाली, बरं वाटलं. पण मागच्या दिवाळीत ऐन वेळी सुट्टी मिळाली आणि खासगी बसला नेहमीच्या तिप्पट पैसे मोजले. चौघांचं येणं-जाणं म्हणजे अर्धा पगार. आईला वाटतं मुलाला ओढ नाही.

इतवारीकर
हेच तर सांगून राहिलो मी!

मोगरा_मानेवाडा
भाऊ, तुमचं दुःख मला कळतं, आमच्याही गल्लीत तेच आहे. पण उद्या सगळ्या कंपन्या नागपुरात आल्या आणि मुलगा प्रतापनगरला राहायला आला, तरी मी मानेवाड्यातच राहणार. माझा प्रश्न तो आहे.

काळाकोट
घर विकायचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो, कारण रडत येणारी माणसं मी पाहतो. घर मुलाच्या नावे करून देणार असाल तर 'देखभाल करण्याच्या अटीवर' हे दस्तातच लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ आहे. अट लिहिलेली असेल आणि पाळली नाही, तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जाऊन तो दस्त रद्द करून मागता येतो. विश्वासावर सह्या करू नका.

वाकडवासी
वा. आता आम्ही चोरही झालो.

काळाकोट
तुम्हाला उद्देशून नव्हतं. तरी लागलं असेल तर माफ करा.

डागा_लेआउट
२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि बघता बघता पाणी आमच्या घरात. माझी मावशी शेजारच्या घरी तळमजल्यावर एकटी, वय ७४. पाणी पलंगाला लागलं तेव्हा ती उठली. वर राहणाऱ्या भाडेकरूच्या मुलाने तिला पाठीवर घेऊन जिना चढवला. आम्ही पाण्यातून पोचेपर्यंत ती वर बसून त्या पोराच्या आईला चहात आलं घालायला सांगत होती. नंतर भाचे-पुतणे सगळे म्हणाले, चल आता. ती म्हणाली, भाडेकरूंचं भाडं कमी करते, पण जात नाही. मी तेव्हा तिच्यावर खूप चिडलो होतो. अजूनही पाऊस लागला की मला राग येतो. पण ती तिथेच आहे आणि आनंदात आहे, हेही मला नाकारता येत नाही.

मोगरा_मानेवाडा
वाकडवासी, तुमच्या बाबांचं वाचलं आणि उठून बाथरूमचं दार पाहिलं. माझीही कडी आतून, जाड. तुमचा राग मला पोचला. मुलाच्या काळजीचा मी विचार केला नव्हता, हे कबूल करते. शेजारच्या घरी किल्ली देते, सकाळी मुलाला मेसेज टाकते. सातला नाही, तेव्हा मी बाजारात असते. आठला. घर मात्र विकणार नाही. आणि एक विचारते, रागावू नका. बाबांना काय हवंय, हे तुम्ही विचारलंत का?

वाकडवासी
नाही विचारलं. दवाखान्यातून सरळ इकडे आणलं. तेव्हा विचारायची वेळ नव्हती आणि नंतर मी विषय टाळला, कारण उत्तर मला माहीत होतं. दिवसभर गॅलरीत बसतात. परवा म्हणाले, संत्री आली असतील बाजारात. मी खालून दोन किलो आणली. एक सोलली, दोन फोडी खाल्ल्या, बाकीची तशीच ठेवली. म्हणाले, "छान आहेत." बाबा जेवणाला कधी छान म्हणत नाहीत.

तुमचं मला पटलेलं नाही. एकट्या माणसाने आजारी पडायच्या वयात एकटं राहू नये, हे माझं मत कायम आहे. पण संत्र्याचा मृग बहार मार्चपर्यंत असतो. तोवर वॉकर सुटला तर आठ दिवस त्रिमूर्तीनगरला घेऊन येईन. आठच दिवस, मीही सोबत राहीन.

इतवारीकर
आणा त्यायले. अन् इतवारीत नक्की या.

मोगरा_मानेवाडा
आणायच्या आधी बाथरूमला बाहेरूनही उघडेल अशी कडी बसवून घ्या. माझी काल बदलली. सुताराला वेळ आहे, सांगाल तेव्हा पाठवते.