काटा माळ्यावर, टेप हाताशी

"दोन आठवडे वजनाचा काटा जागचा हलला नाही, मग बारीक व्हायची मेहनत गेली कुठे?" हा प्रश्न मीही स्वतःला बरेच महिने विचारत होते. वजन दिवसभरात किलोभर सहज वरखाली होतं आणि त्यात बहुतेक पाणीच असतं. रात्री खारट खाल्लं की सकाळी काटा चढलेला! आठवड्याला पाव किलो उतरत असेल तर ते या गोंधळात दिसणार कसं?

शेवटी काटा माळ्यावर टाकला आणि शिंप्याची टेप काढली. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या बरोबर मधे, श्वास सहज सोडून, टेप न आवळता पोटाचा घेर मोजायचा. पोट आपसूक आत जातं, तिथेच फसवणूक होते. पंधरवड्यातून एकदा पुरे. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हा ढोबळ आडाखा.

खरी साक्षीदार मात्र जुनी, न ताणणारी जीन्स. आधी तिचं बटण आडवं पडून लावावं लागायचं, मग उभ्याने लागायला लागलं. आता बसल्यावरही टोचत नाही. आधीचे-नंतरचे फोटो ताडून बघणं मला जमलं नाही, उजेड बदलला की पोटही बदलतं.