पांढरा अवक्षेप जादा सोड्यात विरघळतोय: झिंक की अ‍ॅल्युमिनियम?

प्रश्न
प्रॅक्टिकलला ओळखायला दिलेलं सॉल्ट (क्षार) पांढरं आहे, पाण्यात लगेच विरघळतं. सोडियम हायड्रॉक्साइड (कॉस्टिक सोडा) घातलं की पांढरा अवक्षेप, म्हणजे न विरघळणारा साका, येतो, अजून घातलं की नाहीसा होतो. माझी पार्टनर म्हणते झिंक, मला अ‍ॅल्युमिनियम वाटतंय. आता पुढची टेस्ट कोणती करू?

एक विद्यार्थी
लेडही असंच वागतं, ते आधी बाद कर. थोड्या मूळ द्रावणात पोटॅशियम आयोडाइड घाल. लेड असेल तर पिवळाजर्द अवक्षेप येईल. तो पाण्यात उकळून निवू दिलास तर सोनेरी स्फटिक चमकत खाली बसतात. बघण्यासारखं असतं!

प्रॅक्टिकल घेणारी शिक्षिका
बरोबर. लेड नसेल तर अमोनिया. मूळ द्रावण स्वच्छ नळीत नव्याने घे, सोडा घातलेली नळी इथे चालणार नाही. अमोनियाने आधी दोन्हींचा पांढरा अवक्षेप येतो. जादा अमोनियात झिंकचा विरघळतो, कारण झिंकचा आयन अमोनियाच्या चार रेणूंना धरून विद्राव्य संकुल बनवतो. अ‍ॅल्युमिनियमचं तसं होत नाही, त्याचा अवक्षेप तसाच राहतो.

माझा सगळा भर ड्रॉपरवर असतो. मुलं भसकन ओततात, अवक्षेप दिसायच्या आत विरघळतो आणि वहीत 'अवक्षेप नाही' अशी नोंद होते. तिथून पुढचं सगळं विश्लेषण चुकतं. एक थेंब घाल, नळी हलव, बघ, मगच दुसरा. अमोनियाची बाटलीही तपासून घे. झाकण सैल राहिलं की वायू उडून जातो, मग झिंकचा अवक्षेपसुद्धा विरघळत नाही आणि तुम्ही अ‍ॅल्युमिनियम लिहून मोकळे! वास घ्यायचाच तर हाताने वारा घेऊन, नाक बाटलीवर नेऊन नाही.

प्रश्नकर्ती
मॅडम, आयोडाइडने काहीच झालं नाही. अमोनिया ताजा होता, तरी अवक्षेप विरघळला नाही, कापसासारखा तरंगतोय. अ‍ॅल्युमिनियम लिहू ना?

प्रॅक्टिकल घेणारी शिक्षिका
अजून एक खात्री कर, लेक टेस्ट, म्हणजे अवक्षेप रंग धरून ठेवतो का ते बघायचं. तो अवक्षेप विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळव, निळ्या लिटमस द्रावणाचे दोन थेंब घाल, मग नळीच्या कडेने अमोनिया सोड. रंगहीन द्रावणात निळा पुंजका तरंगताना दिसला की बिनधास्त लिही.