बडोद्यात दारू सोडण्यासाठी मीटिंग शोधताना: तुमचे अनुभव लिहा

आपल्याकडे दारूबंदी आहे. कायदा १९४९चा, गुजरात राज्य व्हायच्याही आधीचा. तरी दारू घरपोच मिळते, आणि ती सोडू पाहणारा माणूस मात्र कुणाला विचारावं या धास्तीत बसून राहतो. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए.ए., ही दारू सोडू पाहणाऱ्यांनीच मीटिंगमध्ये बसून एकमेकांना सावरायची संघटना, भारतात १९५७ पासून आहे. फी नाही, फॉर्म नाही, आडनावही सांगावं लागत नाही. दारू सोडायची इच्छा, एवढी एकच अट. पण ‘मीटिंगला जा’ म्हणणं सोपं. आपण टिकू अशी मीटिंग सापडणं वेगळं. वेळ, भाषा, अंतर, माणसं, कुठे अडलं आणि कसं सुटलं ते लिहा. स्वतःचं खरं नाव नको, आणि मीटिंगमध्ये ऐकलेलं दुसऱ्याचं तर मुळीच नको.

शिफ्टवाला
मला आधी पोलिसांची भीती. इथे पिणं हाच गुन्हा, मग खोलीभर लोकांसमोर ‘मी पितो’ म्हणायचं कसं? दारात एक काका उभे होते. त्यांनी काही न विचारता चहाचा कप हातात दिला. हजेरी नाही, फोटो नाही, आणि नुसतं ऐकून उठलं तरी कुणी काही म्हणत नाही. ती भीती त्याच संध्याकाळी गेली.
खरी अडचण कामाच्या वेळेची. मी नंदेसरीला आहे. सेकंड शिफ्ट लागली की संध्याकाळची मीटिंग बुडते, आणि माझी पिण्याची वेळ नेमकी शिफ्ट सुटल्यावरची. वाटेत देशीची पोटली मिळतेच. मग मीटिंगमधल्या जुन्या मित्रांनी मार्ग काढून दिला: सुटलो की बसमध्ये चढायच्या आधी स्पॉन्सरला, म्हणजे आपल्याला सांभाळून घेणाऱ्या जुन्या मेंबरला, फोन करायचा, आणि घरी पोचून जेवण झालं की मोबाईलवर रात्रीची ऑनलाइन मीटिंग. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात प्रत्यक्ष जातो. मीटिंग संपल्यावर आम्ही तिघं-चौघं सेव-उसळ खायला जातो, आणि जे आत बोलवत नाही ते तिथे बोललं जातं.

धाकटी बहीण, मांजलपूर
मी मीटिंगच्या आधीचं लिहिते, कारण ते कुणी सांगत नाही. दादा रोज प्यायचा, सकाळी हात थरथरायचे. पहिली मीटिंग ऐकून आला आणि जोशात घरातली सगळी मोरीत ओतली. दुसऱ्या रात्री घामाने अंथरूण भिजलं, भिंतीवर मुंग्या चालताहेत म्हणायला लागला, पहाटे फिट आली. डॉक्टर म्हणाले, रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली की पहिल्या दोन-चार दिवसांत असं होऊ शकतं, जिवावरही बेततं. अॅडमिट केलं, औषधं आणि बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली, तेव्हा सावरला. म्हणून रोज पिणाऱ्याने आधी डॉक्टरला दाखवा, मग सोडा. ‘गोळ्या हेही व्यसनच’ असं एखादा मेंबर म्हणाला तर ते त्याचं स्वतःचं मत. डॉक्टरकी करायची नाही, हे ए.ए. आपल्या माणसांना सांगतं.

नाव नको, समा
मी पिणारी बाई आहे. पहिल्या मीटिंगला गेले तर सगळे पुरुष. वाईट कुणीच वागलं नाही, उलट खुर्ची पंख्याखाली सरकवून दिली. पण एका भाईंनी मायेने विचारलं, ‘बेन, तमे कोना माटे आव्या छो?’ त्यांना वाटलं, नवऱ्यासाठी आले. माझ्याच्याने ‘माझ्यासाठी’ म्हणवेना. मुलं शाळेत गेली की मी ओट्याखालच्या पिठाच्या डब्यामागून बाटली काढायचे, हे मी त्या खोलीत बोलणार कशी?
नंतर फक्त बायकांची ऑनलाइन मीटिंग मिळाली, मराठीतली. बहुतेक जणी मुंबई-पुण्याच्या. पहिलीच जी बोलली तिची बाटली तांदळाच्या डब्यात असायची. मी माईक बंद ठेवून रडले. आता नेम असा आहे: बोलायचं ते तिथे बोलते, आणि इथल्या मीटिंगलाही जाऊन बसते. दारातून एखादी नवी बाई डोकावली तर तिला निदान एक बाई दिसायला हवी.

दांडिया बाजार
बायकोच्या बाजूने लिहिते. ह्यांच्यासाठी मीटिंग शोधता शोधता अल-अॅनॉन सापडलं. ते घरच्यांसाठी, वेगळं. नवरा पीत असो वा सोडलेली असो, आपण जायचं. हे अजून पितात. मी बाटल्यांवर खुणा करणं थांबवलं आणि झोप लागायला लागली.

पाठक
देवावर विश्वास नाही. मीटिंगच्या शेवटी प्रार्थना होते तेव्हा मी गप्प उभा राहतो, कुणी हरकत घेतलेली नाही. एका ग्रुपमध्ये मात्र प्रवचनच जास्त व्हायचं, तो सोडला आणि दुसरा धरला. ग्रुपगणिक हवा बदलते, त्यामुळे एकाच खोलीवरून सगळ्याचा निकाल लावू नका.

वाघोडिया रोड
बाबांसाठी विचारतोय. सत्तरी उलटलीय, गुडघे गेलेत, जिना चढवत नाही. हिंदी समजते, पण स्वतःबद्दल बोलायचं तर मराठीच. एकटे जायला तयार नाहीत. काय करावं?

शिफ्टवाला
बाबांना आधी खुल्या मीटिंगला न्या. तिथे घरचेही बसू शकतात. बंद मीटिंग फक्त दारू सोडायची आहे त्यांची असते. मराठीत बोलले तर बोलू द्या, बडोद्यात ते समजणारा कुणी ना कुणी असतोच. रोजचं प्रमाण जास्त असेल तर वर ताईंनी लिहिलंय ते आधी बघा. रात्री-अपरात्री फारच वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि नशामुक्तीचा १४४४६, दोन्ही फोन फुकट आहेत. तळमजल्यावरची एक जागा मला माहीत आहे. निरोप टाका, या रविवारी मी गाडी घेऊन येतो.