भटक्या मांजरींचं खाणं रात्री दुसरेच प्राणी फस्त करतात, काय करू?

ओसरी:
मागच्या अंगणात तीन-चार भटक्या मांजरी येतात, हात लावू देत नाहीत पण खाणं ठेवलं की हजर. मी संध्याकाळी वाडगंभर कोरडं कॅटफूड ठेवून आत येते आणि सकाळी वाडगं चाटूनपुसून साफ. मुलानं जुना फोन खिडकीत लावून रात्रीचं रेकॉर्डिंग केलं तर मांजरी थोडंसं खाऊन निघून जातात आणि नंतर उदमांजर निवांत बसून बाकीचं संपवतंय, पहाटे कोल्हा कुंपणाखालून येऊन वाडगं उलटं करून गेला. दिवसा मुंगूस फिरत असतंच. घरचे म्हणतायत खाणंच बंद कर. पण एक काळी मांजर अंधार पडल्याशिवाय येतच नाही, तिचं काय? वाडगं उंचावर ठेवलं तर चालेल का?

निशाचर:
खाणं बंद करू नका, रात्रभर उघडं ठेवणं बंद करा. खरा घोळ उरलेल्या खाण्याचा आहे. उदमांजर आणि कोल्हा मुख्यतः रात्रीचे फिरणारे, त्यामुळे उजेड असताना खायला घाला, अर्धा तास ठेवा आणि वाडगं उचलून आत न्या, खाली सांडलेले दाणेसुद्धा झाडून घ्या कारण वास राहिला की ते येणारच. मांजरींना वेळ फार पटकन कळते, काही दिवसांत तुमच्या आधी येऊन बसतील. उरतंय किती ते बघून माप कमी करा, वाडगं भरून ठेवायची गरजच नाही.
काळ्या मांजरीसाठी वेळ एकदम बदलू नका. आत्ता ती ज्या वेळेला येते तिथून सुरुवात करून दर दोन-तीन दिवसांनी १५-२० मिनिटं अलीकडे या. आणि तिचं वाडगं वेगळं, बाकीच्यांपासून लांब, झुडपाच्या आडोशाला ठेवा. ती बहुतेक अंधाराची वाट बघत नसणार, बाकीच्या मांजरी जायची वाट बघत असणार.

फांदी१२:
उंचावर ठेवून कोल्हा थांबेल. उदमांजर झाडावर चढण्यात मांजरीपेक्षा सरस आहे हो, त्याला तुमचं टेबल म्हणजे आयतं मांडलेलं पान 😄 आणि मुंगूस दिवसाचंच जनावर, त्यामुळे वर सांगितलेली वेळेची युक्ती त्याला लागू नाही. त्याच्यासाठी एकच उपाय, मांजरी खात असताना तुम्ही दारात बसून राहा. माणूस दिसला की बहुतेक वेळा जवळ येत नाही. बारकी पिल्लं असतील तर मात्र जास्त लक्ष ठेवा, कोल्हा पिल्लू उचलू शकतो, मुंगूसही.

ओसरी:
पिल्लं आत्ता नाहीत पण एक मांजर पोटुशी वाटतेय. आणि रोगाबिगाचं काय, एकाच वाडग्यातून खातायत सगळे?

टाका_दोरा:
मी नसबंदीसाठी मांजरी पकडून नेणाऱ्या ग्रुपमध्ये आहे म्हणून लिहितेय. रेबीज मुख्यतः चावण्यातून पसरतो, वाडग्यातून पसरायची भीती फारशी नाही, पण खाण्यावरून भांडणं झाली की चावाचावी होते आणि कोल्ह्याला रेबीज असू शकतो, म्हणून मांजरींना लस हवीच. मांजरांच्या पार्व्होचा (उलट्या-जुलाबाचा जीवघेणा आजार) विषाणू उदमांजरालाही बाधू शकतो, म्हणजे तुमच्या मांजरींपासून त्यालाही धोका आहे हे कोणी बोलत नाही. वाडगी रोज धुवा, पाण्याचं भांडं खाण्यापासून लांब ठेवा.
नसबंदीचं लगेच बघा. मांजर साधारण नऊ आठवड्यांत विते आणि पिल्लू चार-पाच महिन्यांचं झालं की त्यालाही पिल्लं होऊ शकतात, मग तीन-चारच्या कधी डझनभर होतील कळणार नाही. पोटुशीचं कधी करायचं ते डॉक्टर बघून सांगतील. ठरलेल्या वेळेला खायची सवय लागली की पिंजऱ्यात धरणं पण सोपं जातं, फक्त आदल्या रात्री काही घालू नका, भुकेलेलीच आत शिरते. ऑपरेशन करताना कानाचं टोक कापतात त्यामुळे कोणाचं झालंय ते लांबूनच कळतं.
आणि कोणी विष ठेवायला सुचवलं तर अजिबात ऐकू नका, ते पहिलं मांजरीच खातील. कोणी चावलंच तर, मांजर असो नाहीतर मुंगूस, जखम वाहत्या पाण्यात साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टरकडे.

ओसरी:
डॉक्टरांना उद्याच विचारते. मुंग्यांचं पण सांगा कोणीतरी, दहा मिनिटांत वाडग्यावर रांग लागते.

फांदी१२:
पसरट ताटलीत पाणी घालून मधोमध वाडगं ठेवा. वाडग्याची कड ताटलीला टेकू देऊ नका, नाहीतर तिथूनच चढतात.